बेडका

दौंडच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या फरशा बसवल्या होत्या. कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून. गणपती, दत्त, शंकर, एका फरशीवर मशिदीचा घुमट, एकीवर क्रूस. लोक देवाला चुकवून बरोबर दोन बोटं बाजूला पिचकारी मारत. भिंतीवर जुना वाळलेला लाल थर, त्यावर नवा ओला, आणि खालून सुटलेला तो गोडसर, आंबूस, चुना-कात-सुपारीचा वास. मी ओढणी छातीशी गोळा करून, कठड्याला हात न लावता, जिन्याच्या मधोमध चालत वर जायचे. वर माझी सासू फुप्फुसाच्या आजारानं पडली होती.

थुंकी, शेंबूड, बेडका या गोष्टींची मला लहानपणापासून शिसारी आहे. केंदूरला आमच्या शेजारी एक म्हातारे आजोबा होते. ते खाटेखाली राख भरलेला पत्र्याचा डबा ठेवायचे आणि दिवसभर त्यात खाकरून थुंकायचे. आई मला त्यांच्याकडं विरजण आणायला पाठवायची. येताना भांडं हातात धरवायचं नाही, आणि त्या दिवशी ताक मी तोंडाला लावायचे नाही. मोठी झाले, डिप्लोमा केला, रांजणगावला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागले. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून डाग, ओरखडा, बुडबुडा शोधायचा. स्वच्छ, कोरडं, तेलाच्या वासाचं काम. मला ते मानवलं.

सासूला मी आत्या म्हणते. त्यांचं आणि माझं फारसं कधी जमलं नाही, पण एका गोष्टीत आम्ही दोघी अगदी सारख्या होतो. त्यांनाही घाण सहन व्हायची नाही. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं, आज इथं तर उद्या तिथं, उघड्या रानात. लग्नानंतर सासऱ्यांनी वडगाव रासाईला नदीकाठी जमीन कसायला घेतली, मेंढरं हळूहळू कमी झाली, घर झालं. त्या घराची फरशी आत्या दिवसातून दोनदा पुसायच्या. गावातल्या बायका मिसरी लावायच्या, यांनी कधी लावली नाही. अंगणात कुणी पाव्हणा थुंकला तर त्याच्यादेखत बादलीभर पाणी ओतायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या घरी बी असंच करता का?"

पण हे फक्त आपल्या अंगणात. नात्यातल्या मोठ्या पुरुषासमोर त्यांचा आवाजच बसायचा. पदर कपाळापर्यंत यायचा. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात धरून त्या आतल्या खोलीत जायच्या आणि तिथं, तोंड दाबून, खोकायच्या. सासरे वारून कितीतरी वर्षं झाली, तरी ती सवय गेली नव्हती.

नणंद दौंडला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, म्हणून आत्या थंडीत महिनाभर तिकडं मदतीला गेल्या. त्या घरात सगळ्यांत आधी आजारी पडले ते नणंदेचे सासरे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. रेल्वेतून रिटायर झालेले, उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे. तापानं फणफणलेले असताना ते हॉलमध्ये सोफ्यावर पडून टीव्ही बघत आणि मोकळ्या तोंडानं खोकत. हात तोंडापुढं आणणं म्हणजे कमीपणा. नणंदेनं फोनवर मला सांगितलं होतं, "वहिनी, मी बाळाला घेऊन खोलीतच बसते." आत्या मात्र त्यांना चहा द्यायच्या, काढा द्यायच्या, त्यांचे रुमाल धुवायच्या.

आप्पा चार दिवसांत उठले. आत्या पडल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. ताप उतरला. दोन दिवस बरं वाटलं, त्यांनी पुन्हा बाळाचे लंगोट धुतले. आणि मग ताप उलटून आला, थंडी वाजून आला. या वेळी उजव्या बरगडीत कळ निघत होती आणि एक वाक्य पुरं बोलेपर्यंत दम लागत होता. दवाखान्यात नेलं तर बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा बघून त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. नाकातल्या पाण्याच्या तपासणीत फ्लूचा विषाणू निघाला. छातीचा फोटो काढला, त्यात उजवीकडं खाली पांढरं धुकं.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलायचे. म्हणाले, "विषाणूनं आधी आतलं अस्तर सोलून ठेवलं. त्यावर आता दुसरे जंतू बसलेत. न्यूमोनिया आहे. असं होतं, म्हणून उलटून आलेल्या तापाला घरी बसायचं नसतं."

नवऱ्याला येता येईना. आमच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, ती सोडून तो हलू शकत नव्हता. नणंद ओली बाळंतीण, तिला त्या वॉर्डात पाऊल टाकू देणंच शहाणपणाचं नव्हतं. राहिले मी. सुपरवायझरशी भांडून रजा काढली, न्हावऱ्यावरून एसटी धरली आणि दौंडला आले.

वॉर्डात बायका-पुरुष एकत्रच होते. मध्ये हिरवे पडदे, त्यांच्या कडा हात पुसून पुसून काळ्या झालेल्या. कोपऱ्यात एकच बेसिन. त्यात कुणाचा भात, कुणाची चहापत्ती, कुणाचा कफ, आणि वर साबणाचा एक चपटा तुकडा. समोरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा मुलगा दुपारी तिथंच बसून वडापाव खायचा आणि त्याच हातानं बापाचा मास्क सारखा करायचा. नर्स ओरडायची, तो हसायचा.

आणि आत्यांच्या खाटेला लागून असलेल्या एकुलत्या एक स्टुलावर आप्पा.

ते सकाळी नाश्ता करून यायचे आणि संध्याकाळी उठायचे. आधी मला बरं वाटलं. माणूस आपला वेळ देतोय. येताना शहाळं आणायचे. खाटही त्यांच्याच ओळखीनं मिळाली होती, हे त्यांनी मला पहिल्या तासात तीनदा सांगितलं. पण दिवसभर त्यांचं तोंड चालू. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्यांच्या आजाराची कथा, त्यात स्वतःच्या धावपळीची कथा, त्यात रेल्वेच्या कथा. तळहातावर तंबाखू मळायची, फटकारायची, त्याची धूळ आत्यांच्या चादरीवर. मग ओठाखाली चिमूट. मग अर्ध्या तासानं उठून त्या बेसिनमध्ये लांब पिचकारी. नळ सोडायचा नाही. तपकिरी ओघळ पांढऱ्या चिनीमातीवर हळूहळू सरकत जाळीपर्यंत जायचा, आणि थोड्या वेळानं तिथंच मी आत्यांना चूळ भरायला पाणी घ्यायचे.

इथून उठून ते घरी जायचे आणि बाळाला मांडीवर घ्यायचे. नणंदेनं एकदा "हात धुता का" म्हटलं, तर म्हणे घरात दोन दिवस अबोला.

ते असेपर्यंत आत्या पदर डोक्यावर ओढून, ऑक्सिजनच्या नळीवरून तो सावरत, भिंतीकडं तोंड करून पडायच्या. छातीत खरखर ऐकू यायची. हुक्क्यात पाणी गुडगुडावं तशी. घसा भरून यायचा, मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे, आणि त्या ते गिळायच्या. मी उशाशी झाकणाचं भांडं ठेवलं होतं. ते कोरडंच राहायचं. मला वाटलं, कफ सुटतच नाहीये. खरं सांगायचं तर भांडं कोरडं आहे याचं मला आत कुठंतरी बरंच वाटायचं. ते उघडावं लागत नव्हतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी ऑक्सिजन वाढवावा लागला. पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं.

"हे बघा. आधीच्या फोटोत इथं धुकं होतं, आज सगळं पांढरं झालंय. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा जातच नाहीये. घट्ट बेडका नळीत अडकलाय. बाटलीला बूच बसावं तसा. त्याच्या पुढचं फुप्फुस मिटून गेलंय."

"मग आता?"

"त्यांनी जोर लावून खोकायला पाहिजे, बाहेर काढायला पाहिजे. नाही निघाला तर आत दुर्बीण घालून काढावा लागेल. ती सोय इथं नाही, पुण्याला न्यावं लागेल. आणि त्यांची ताकद बघता व्हेंटिलेटर लागला तर तो परत काढता येईल की नाही, मी शब्द देत नाही." मग त्यांनी भांड्याचं झाकण उचललं. "काहीच नाही? त्या थुंकत नाहीत?"

"नाही," मी म्हटलं.

"छाती इतकी भरलीय. जातं कुठं मग?"

ते मला तासाभरात कळलं. चादर बदलायला मी आत्यांना एका कुशीवर वळवलं, उशी उचलली, तर खाली, गादी आणि लोखंडी पट्टीच्या मध्ये, जुन्या लुगड्याच्या चिंध्या खोचलेल्या होत्या. नीट घड्या घातलेल्या. त्यांनी त्या दौंडला येतानाच पिशवीत आणल्या असणार, बाळासाठी. वरची एक मी उचलली. ती बोटाला चिकटली. आत हिरवट-पिवळा, मध्ये गंजासारखे धागे असलेला चिक होता, काही वाळून कडक झालेला, काही अजून ओला. वास आला, शिळ्या रक्ताचा आणि कुजक्या अंड्याचा. माझ्या तोंडात पाणी सुटलं. मी तशीच बाथरूमकडं पळाले आणि ओकले. त्या बाथरूममध्ये शिरल्यावर ओकायला दुसरं कारण लागलंच नसतं.

परत आले. हातमोजे घातले, चिंध्या पिवळ्या पिशवीत भरल्या. आप्पा तेवढ्यात खाली चहाला गेले होते.

"आत्या, हे काय?"

"काय न्हाई." श्वास. "टाकून दे."

"थुंकायला भांडं ठेवलंय ना? डॉक्टर रोज सांगतात ना, बाहेर काढा म्हणून?"

त्यांनी रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं. "पाव्हणं बसल्यात की."

"मग?"

"मग काय?" त्या मला रागावल्या, दम नसताना रागावल्या. "लेकीचा सासरा हाय त्यो. त्याच्या म्होरं... खाकरून थुकू? उद्या माझ्या पोरीला बोलत्याल. तुझी आई... कशी करत हुती दवाखान्यात."

"आणि गिळत होता?"

त्यांनी मान डोलावली. आप्पा लघवीला किंवा चहाला जात तेव्हा घाईघाईनं चिंधीत थोडं काढायचं. बाकी सगळं आत. खोकला आला की दाबायचा, आणि तो दाबला की छातीतला चिकटा तिथंच बसून घट्ट व्हायचा. इतकी साधी गोष्ट. जंतूंना औषध चालू होतं, ताप खाली येत होता, आणि ही बाई व्याह्याच्या लाजेपायी आतल्या आत गुदमरत होती. तो व्याही मात्र तिच्या उशापासून पाच पावलांवर दिवसभर पचापच थुंकत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी आधी गोड बोलून पाहिलं.

"आप्पा, तुम्ही आता घरी जाऊन आराम करा. मी आहे ना इथं."

"छे छे! माझी काळजी नको. विहीणबाईंना एकटं सोडून जायचं? लोक काय म्हणतील?"

मी पडदा ओढला. तर ते स्टुलासकट पडद्याच्या आत सरकून बसले. "हां, हे बरं. वारं लागत नाही."

नर्सला मी बाजूला घेऊन सांगितलं. तिनं येऊन म्हटलं, "काका, पेशंटजवळ एकच नातेवाईक." त्यावर आप्पा म्हणाले, "मग ह्या सूनबाईला बाहेर बसवा. मला सगळं माहितीय, डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत." नर्सनं माझ्याकडं बघून खांदे उडवले.

दुपारी भेटण्याच्या वेळेला त्यांच्या गल्लीतले दोघंतिघं आले. त्यांचे मास्क हनुवटीवर. आप्पा त्यांना आत्यांकडं बोट करून सांगत होते, "फुप्फुस बसलंय म्हणे. मी म्हटलं डॉक्टरला, काय लागेल ते करा, पैशाकडं बघू नका." आत्यांच्या घशात खरखर झाली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला. सगळं अंग हादरलं, गळ्याच्या शिरा वर आल्या, ओठ निळसर झाले, आणि त्यांनी ते गिळलं. डोळ्यांतून पाणी येऊन उशीवर पडलं. बोटावरच्या चिमट्याचं मशीन टिवटिवायला लागलं. पाव्हण्यांपैकी एकजण म्हणाला, "हे काय वाजतंय?"

मी म्हटलं, "आप्पा, उठा."

"काय?"

"उठा. बाहेर जा. तुमच्यासमोर त्यांना खोकायला लाज वाटते. थुंकायला लाज वाटते. तुम्ही इथं बसून राहिलात तर त्या मरतील."

 समोरच्या खाटेजवळचा वडापाववाला चावायचा थांबला. आत्यांनी डोळे मिटून घेतले.

आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते हळू उठले. "मला उठवतेस? मला? ही खाट कुणी मिळवून दिली, विचार तुझ्या सासूला. आमच्या घरात लेक आहे तुमची, हे विसरू नको."

"विसरले नाही. पण आत्ता उठा. आणि त्या बेसिनमध्ये थुंकू नका. तिथं आजारी माणसं तोंड धुतात."

ते बेसिनपाशी गेले. माझ्याकडं बघत, सावकाश, तोंडातला सगळा ऐवज त्यांनी त्यात रिकामा केला. नळ सोडला नाही. मग चपला वाजवत निघून गेले. पाव्हणे त्यांच्यामागं, एकमेकांकडं बघत.

मी नळ सोडला आणि तो सगळा चोथा जाळीवरून बोटानं ढकलला. हातमोजा होता. तरी त्या उबेची मला अजून आठवण आहे.

आत्या भिंतीकडं तोंड करून होत्या. "घालवलीस," त्या म्हणाल्या. "माझी सगळी... घालवलीस."

मी हातमोजा काढून टाकला. 

थोड्या वेळानं छातीचा व्यायाम करून घेणारी मुलगी आली. ती रोज एकदा यायची, आणि रोज आत्या तिला "उद्या, उद्या" म्हणून परत पाठवायच्या. आज मी पडदा चारही बाजूंनी ओढला आणि चिमट्यानं पक्का केला. आधी वाफेचं मशीन झालं. मग तिनं आत्यांना डाव्या कुशीवर वळवलं, कमरेखाली दोन उशा सारल्या, डोकं थोडं खाली. "डोकं फार खाली करत नाही, दम लागला की सांगा आजी," म्हणाली आणि ओंजळीसारखा हात करून त्यांच्या पाठीवर थापायला लागली. डब डब डब. पोकळ आवाज नव्हता, भरल्या पोत्यासारखा होता.

आत्या चिडून म्हणाल्या, "आसं काय करतीस... कोकराला उलटं धरत्यात तसं?"

"कोकराला का धरतात?" मुलीनं सहज विचारलं.

"जन्मलं की... नाकातोंडात चिकाट आसतं. मागचं पाय धरून... उलटं करायचं. न्हाईतर मरतं."

"मग तेच करतोय, आजी. तुमच्या आत तसंच चिकाट अडकलंय. आता दीर्घ श्वास, आणि काच पुसताना तोंडानं हाऽ करतो ना, तसं जोरात. मग खोका."

 मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "भाईर कोन हाय?"

"कुणी नाही. मी आणि ही."

"पाव्हणं?"

"गेले."

त्यांनी हाऽ केलं. पुन्हा केलं. पहिला खोकला भित्रा, घशातलाच. दुसरा जरा खालून. मुलगी थापत राहिली, मी एका हातानं त्यांच्या बरगड्या दाबून धरल्या होत्या, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. थोडा चिक आला. विश्रांती. ऑक्सिजनचा आकडा खाली आला, मुलीनं थांबवलं, पुन्हा वर चढला. पुन्हा थाप. आणि मग त्यांच्या आत कुठंतरी काहीतरी सुटलं असावं. चेहरा जांभळा झाला, जीभ बाहेर आली, माझ्या दंडात त्यांची नखं रुतली, आणि एक असा खोकला आला की तो त्या माणसातून आला यावर विश्वास बसू नये. कुत्र्यासारखा, पोटाच्या तळापासून.

ते वाटीत नीट पडलं नाही. अर्धं माझ्या मनगटावर पडलं, हातमोज्याच्या वरच्या उघड्या कातडीवर. गरम होतं. लिबलिबीत, हिरवट-तपकिरी, बोटाएवढं लांब, आणि त्याला मुळासारखे बारीक फाटे फुटलेले होते. ज्या नळ्यांमध्ये ते बसलं होतं त्यांचा हुबेहूब साचा. वास असा की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी हात झटकू शकत नव्हते, कारण त्याच हाताला आत्या धरून होत्या.

त्यामागून आणखी आलं. कपभर तरी. मुलगी आनंदानं म्हणाली, "अगं बाई, भारी!" डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाटी उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढला. सुंदर वस्तू सापडल्यासारखे बघत होते. मी तोंड दाबून उभी होते.

मग जे झालं ते मात्र मी ऐकलं. आत्यांनी श्वास आत घेतला, आणि तो उजवीकडं खालपर्यंत गेला. खरखर होती, पण मध्येच अडत नव्हता.

मनगट मी साबणानं किती वेळा धुतलं कोण जाणे. कोपरापर्यंत लाल झालं. तरी त्या दिवशी जेवताना मी डाव्या हातानं, चमच्यानं खाल्लं.

पुढचे दिवस तेच. वाफ, थाप, खोकला, वाटी. दर वेळी मला मळमळायचं. दोन दिवसांनी काढलेल्या फोटोत खालचा पांढरा भाग विरळ झाला होता. पुणं टळलं.

पण दुसरी घाण सुटली होती. नवऱ्याचा फोन आला. "तू आप्पांना काय बोललीस? सगळ्या पाव्हण्यांत झालंय."

"जे खरं ते बोलले."

"जरा गोडीनं सांगता नसतं आलं?"

"आधी गोडीनंच सांगितलं. नर्सनंही सांगितलं. तुम्ही इथं असता तर तुम्ही उठवलं असतं का त्यांना?"

त्यानं विषय बदलला. मग म्हणाला, "आई बोलते का आता?"

"खोकते," मी म्हटलं.

नणंदेचा फोन त्याहून वाईट. ती रडतच बोलत होती. सासू जेवायला वाढताना टोमणे मारते, सासरे तिच्या हातचा चहा घेत नाहीत, घरी येऊन बाळाला उचलून जोरात बोलतात, "बघ रे बाबा, तुझ्या आजोळची माणसं कशी आहेत." "वहिनी, तू आईला वाचवलंस गं, पण माझं इथं काय?"  ज्या लाजेपायी आत्या चिक गिळत होत्या, ती लाज काही खोटी नव्हती. त्यांना जे होईल असं वाटत होतं, नेमकं तेच झालं होतं. तो माणूस आपल्या थुंकीसाठी कधी शरमला नाही, आणि दुसरीनं स्वतःची गिळली नाही म्हणून त्याचा अपमान झाला. हे आठवलं की अजून माझ्या घशाशी येतं. बेडक्यापेक्षा जास्त येतं.

आत्या घरी आल्या तेव्हा नदीला पाणी कमी होतं. जलपर्णीखाली काळं, फेसाळ पाणी साचून राहिलेलं, आणि वाऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. त्यातच शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं. काळी काजळी अंगणात, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. आत्या खोकत दारं-खिडक्या लावून बसल्या. मी जाऊन सांगितलं तर शेजारी म्हणाला, "आमचं रान हाय, आमी पेटवू. तुमच्या म्हातारीसाठी काय रान तसंच ठिवू?"

शिरूरला तपासणीला नेलं. फोटोत उजवीकडं खाली एक तिरपी रेघ उरली होती.

"हे कवा जाईल?" आत्यांनी विचारलं.

"कदाचित जाणार नाही, आजी. जखमेचा व्रण राहतो ना, तसा. पण व्यायाम केलात तर त्रास कमी होईल."

"म्हंजी मरंस्तवर हाय."

"त्रास नाही दिला तर असू द्या की," डॉक्टर हसून म्हणाले. आत्या हसल्या नाहीत.

बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं. नवऱ्याला आणि आत्यांना. मला नव्हतं. फोनवर नणंदेनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आत्या जाणार की नाही, मला कळेना. त्या गेल्या. नातू होता. टोपरं, अंगडं, चांदीचे वाळे घेऊन, नवं लुगडं नेसून गेल्या. त्या दिवशी मी मुद्दाम पहिली शिफ्ट घेतली.

कामावरून मी वडगावला घरी आले तेव्हा त्या परतल्या होत्या. ओट्यावर बसून दम खात होत्या. रस्त्याचं काम चालू, धूळ खाऊन आल्या होत्या.

"कसं झालं?" मी विचारलं.

"बरं झालं. पेढं लई गोड."

"आप्पा?"

"नमस्कार केला. म्या बी केला." त्यांनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "इचारलं बायकांनी, सून न्हाई आली म्हून. म्या म्हटलं, कंपनीत सुट्टी न्हाई."

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"पोरीला कायबी म्हणालो न्हाई म्हणत्यात पाव्हणं आता," त्या म्हणाल्या. "बगू." त्यांनी चपला काढल्या आणि पाय हातानं पुसले. "त्ये गोळ्याचं आण बरं."

ते म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं, प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं एक यंत्र. तीन नळ्या, त्यांत बारीक चेंडूंसारख्या तीन गोळ्या. तोंडाच्या नळीनं हवा आत ओढायची, श्वासावर गोळ्या वर चढतात. आत्यांनी नळी तोंडात घेतली. पहिली गोळी वर गेली. दुसरी अर्ध्यात थरथरली आणि गेली. तिसरी खालीच. पुन्हा केलं, पुन्हा. तिसरी एकदा जागची हलली.

"पुरे आता," मी म्हटलं.

"आजून एकडाव."

झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं. नळीच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती, तिला पेढ्याचा पिवळा कण चिकटलेला. मी ती नळी दोन बोटांत, अंगापासून लांब धरून मोरीकडं नेली आणि गरम पाणी ओतलं. किळस काही गेली नव्हती.